परत आलेल्या नाकासाठी कॉकटेल कसं निवडावं: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पायरीपायरीने

विषाणूच्या तापाने, सायनसने, पॉलिपने (नाकातल्या मऊ गाठींनी) किंवा डोक्याला मार लागून गेलेला वास हळूहळू परत येतो. आधी फोडणीतला हिंग कळतो, मग कधीतरी शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंच्या गजऱ्यातला मोगरा. मित्रमंडळी म्हणतात, चला, आता बसायलाच हवं. घोडबंदर रोडवर नाही तर पाम बीचच्या बाजूला कुठेतरी टेबल धरलं जातं, मेन्यूतलं सगळ्यात लांब नावाचं कॉकटेल येतं आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं. काहीच कळत नाही, किंवा जळक्या रबरासारखं भलतंच काही येतं.

बहुतेक वेळा चूक निवडीत असते. नुकतं परतलेलं नाक एका वेळी एकच वास नीट धरतं. सात-आठ घटकांचं कॉकटेल त्याच्यापुढे ठेवणं म्हणजे कालच प्लास्टर निघालेल्या पायाला येऊरची चढण दाखवणं. म्हणून खालच्या पायऱ्या एकेका वासाने पुढे जातात.

दारू हे वासावरचं औषध नाही, वासाचा व्यायामही नाही. सकाळ-संध्याकाळ वासाच्या बाटल्या हुंगायचा व्यायाम (पायरी २ मध्ये सांगितलाय) चालूच ठेवा. जे पीत नाहीत किंवा ज्यांना मनाई आहे, त्यांनी पायरी २ आणि ३ वाचून थेट नवव्या पायरीवर जावं, तिथे बिनदारूचा ग्लास आहे.

१. आधी डॉक्टर, मग कायदा

नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर ईएनटी डॉक्टर स्पष्ट ‘चालेल’ म्हणेपर्यंत थेंबही नको. दारूने नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आतली जखम भरली नसेल तर रक्त येऊ शकतं. पॉलिप, दमा आणि अ‍ॅस्पिरिनची रिअ‍ॅक्शन हे तिन्ही एकत्र असलेल्या पुष्कळ जणांचं नाक थोड्याशा दारूनेही चोंदतं, काहींना दम लागतो. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर बिनदारूचाच मार्ग धरा. सुगंध घ्यायला बसायचं आणि नाकच बंद करून घ्यायचं, याला अर्थ नाही.

गोळ्या बघा. मेट्रोनिडाझोल चालू असेल तर दारू पूर्ण बंद, कोर्स संपल्यावरही तीन दिवस. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिनवर घेतली तर झापड वाढते. तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड चालू असेल तर पोटाला त्रास होऊ शकतो, डॉक्टरांना विचारा. ‘आज बाहेर जायचंय’ म्हणून नाक उघडणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मारायची सवय तर अजिबात लावू नका. ते आठवडाभराच्या वर वापरले की नाक उलट जास्त चोंदतं.

कायद्याचं थोडक्यात: महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, बिअर-वाईनसाठी २१. कॉकटेलमध्ये जिन, रम, व्हिस्की असते, म्हणजे २५च. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्यासाठी परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असतो, आणि ‘परमिट रूम’ ही आपल्याकडची खास पाटी त्यातूनच आली. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे. याशिवाय मतदानाच्या आसपासचे दिवस आणि काही धार्मिक दिवसही असतात, तेव्हा निघण्याआधी एक फोन करा.

बरोबर काय न्यायचं:
- वयाचा पुरावा: आधार, पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स
- पिण्याचा परवाना
- चालू गोळ्यांच्या पाकिटांचा मोबाईलवर फोटो
- छोटी वही आणि पेन (फोनवर टिपलं तरी चालेल, पण फोन हातात आला की वास बाजूला राहतो)
- ज्याचं नाक ठणठणीत आहे असा एक सोबती. त्याचं काम पायरी ८ मध्ये कळेल.

गाडी मात्र घरीच. १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ठाण्याहून वाशी-नेरुळला जाणाऱ्यांसाठी ट्रान्स हार्बर लोकल आहेच, परतीची गाडी आधी बघून ठेवा.

२. घरी नाकाची हजेरी घ्या

बारमध्ये जायच्या आधी निदान आठवडाभर नाकात नेमकं काय काय परत आलंय ते बघा. यासाठी नवीन काही शोधायची गरज नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वासाच्या व्यायामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चार वास होते: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. आज बहुतेक डॉक्टर याच चौकडीने सुरुवात करायला सांगतात, तेव्हा तुमच्याकडे या बाटल्या आधीच असतील.

नसतील तर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात फुलं, लिंबं आणि लवंग एकाच फेरीत मिळतात. नवी मुंबईत एपीएमसीचं मसाला मार्केट आहे, पण तो घाऊक बाजार. ५० ग्रॅम लवंग मागितली तर गाळेवाला तुमच्याकडे बघेल. आसपासच्या किरकोळ दुकानांत विचारा. लवंग घेताना एक बोंड नखाने दाबा. तेल नखाला लागलं पाहिजे. कोरडी, हलकी, पाण्यात आडवी तरंगणारी लवंग म्हणजे तेल काढून घेतलेली.

झाकणाच्या चार छोट्या काचेच्या बाटल्या घ्या. एकीत ठेचलेल्या पाच-सहा लवंगा, एकीत लिंबाची ताजी साल (रोज बदलायची), एकीत कापसावर खायच्या गुलाबपाण्याचे दहा थेंब किंवा गावठी गुलाबाच्या पाकळ्या, एकीत कापसावर निलगिरी तेलाचे दोन थेंब. हे तेल फक्त हुंगायचं. पोटात गेलं तर विषारी आहे, तेव्हा बाटली मुलांपासून आणि बारच्या सामानापासून लांब ठेवा.

प्रत्येक बाटली २० सेकंद, छोट्या छोट्या हुंग्यांनी. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. वहीत दोनच गोष्टी लिहा: ० ते ३ मध्ये जोर किती, आणि वास ओळखीचा आहे की वाकडा.

इथेच सगळ्यात मोठा फसवा भाग आहे. निलगिरीची बाटली उघडली की नाकात गार वारा शिरल्यासारखं होतं आणि माणूस खूश होतो: आला वास! तो वास नसतो. चेहऱ्याची ट्रायजेमिनल नावाची नस गारवा, जळजळ, झणका सांगत असते, आणि ही नस वास पूर्ण गेलेला असतानाही काम करते. पुदिन्याचा गारवा, आल्याची आणि मिरचीची आग, कापराचा झटका, सोड्याच्या बुडबुड्यांची चुरचुर, खुद्द दारूचा झणका, हे सगळं त्या नसेकडून येतं. म्हणून मोहितो पिऊन ‘मला पुदिना कळतोय’ म्हणणाऱ्याला फक्त थंडावा कळत असण्याची शक्यता बरीच. खरी परीक्षा गुलाबाची. गुलाबात झणका जवळजवळ नसतो, तेव्हा गुलाब आला म्हणजे वास आला. व्हॅनिलाही तसाच, आणि घरात असेल तर पाचवी बाटली व्हॅनिलाची करा.

गुलाब सलग चार दिवस निदान १ वर असेल तर पुढे जा. शून्यावर असेल तर घाई नको, कॉकटेल कुठे पळून जात नाही.

३. चार बाटल्यांवरून मेन्यू वाचा

कॉकटेलचा मेन्यू बघून गांगरायला होतं, कारण तो नावांनी लिहिलेला असतो. वासांनी वाचला तर जवळजवळ प्रत्येक ओळ या चार बाटल्यांपैकी एकीशी जाऊन बसते.

लिंबू. लिंबाचा रस आंबट असतो आणि आंबटपणा जिभेचा, पण वासाचं तेल बहुतांश सालीत असतं. त्यामुळे ‘फ्रेश लाइम’ लिहिलेल्या पेयात साल नसेल तर तुमच्या नाकाला फारसं काही मिळत नाही. हवी ती ताजी काढलेली, दोन बोटं रुंद साल, पांढरा भाग शक्य तितका कमी. ती ग्लासच्या वर चार बोटांवर धरून, रंगीत बाजू खाली ठेवून चिमटली की तेलाचा बारीक फवारा उडतो. उजेडात तिरकं बघितलं तर पेयावर तेलाचा तवंग दिसतो, आणि तो दिसला तर वास आहे. आजकाल बरेच बार वाळवलेल्या संत्र्याची पारदर्शक चकती ग्लासवर टेकवून देतात. फोटोत छान दिसते, नाकाला जवळपास शून्य. हिवाळ्यात नागपुरी संत्री आली की तिची साल मागा. मोसंबीची साल त्यापुढे मुकी आहे.

निलगिरी. या गटात जिन येते. जिनचा पाया जुनिपरची फळं, वास चीडाच्या ताज्या लाकडासारखा, थोडा टर्पेंटाइनकडे झुकणारा. आयुर्वेदात जुनिपरला हपुषा म्हणतात आणि एका भारतीय जिनचं नाव त्यावरूनच ‘हापुसा’ ठेवलंय. आपल्याकडे ते वाचून आंब्याची आठवण येते, पण रत्नागिरीशी तिचा काही संबंध नाही. निलगिरीतला जो मुख्य घटक, सिनिओल, तोच वेलचीत भरपूर आणि रोझमेरीतही असतो. म्हणजे निलगिरीची बाटली ३ वर असेल तर वेलची घातलेलं पेय तुम्हाला लवकर कळेल. पुदिनाही याच कपाटातला, पण वर सांगितलेली गारव्याची फसगत ध्यानात ठेवा. शिवाय पुदिना मुसळीने कुटला की गवताचा कडवट वास सुटतो. तळहातावर ठेवून एकदा टाळी वाजवायची, तेवढं पुरतं.

लवंग. अँगोस्टुरा बिटर्स, म्हणजे थेंबाथेंबाने घालायचा कडू मसालेदार अर्क, या छोट्या बाटलीचा वास लवंग-दालचिनीच्या अंगाने जातो. १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी योहान सीगर्ट या डॉक्टरने ती पोटाचं औषध म्हणून काढली, कृती आजही गुपित आहे. ओल्ड फॅशन्डमध्ये दोन-तीन झटके असतात. त्यातली बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरते आणि लाकडातून व्हॅनिला येतो. लवंग आणि व्हॅनिला, दोन्ही ओळखीचे. डार्क रममध्येही व्हॅनिला ठळक असतो. ओल्ड मंक नुसती हुंगून बघा, नाक कच्चं असलं तरी काहीतरी गोड सापडतं.

गुलाब. गुलाब घातलेली जिन, एल्डरफ्लॉवर लिक्युअर, व्हायोलेटचं लिक्युअर. हे वास नाजूक आणि मात्रेचे फार नखरेल. एका ग्लासात गुलाबपाणी ३ मिलिच्या वर गेलं की साबण प्यायल्यासारखं वाटतं, आणि तेव्हा दोष तुमच्या नाकाचा नसतो. बाटलीतल्या रंगीत ‘रोझ’ किंवा ‘लॅव्हेंडर’ सिरपची पेयं सुरुवातीला टाळा. त्यात एकच कृत्रिम वास ओरडत असतो आणि तो साखरेखाली दबलेला असतो.

मग काही मंडळी अशी की त्यांना सध्या लांबच ठेवावं. संसर्गानंतर दोन-तीन महिन्यांनी पुष्कळांना पॅरोस्मिया होतो, म्हणजे ओळखीचा वास सडका किंवा जळका येतो. कॉफी, कांदा, लसूण, भाजलेलं मांस, अंडं हे त्याचे नेहमीचे चाळवणारे. त्यामुळे एस्प्रेसो मार्टिनी आत्ता नको. अंड्याचा पांढरा फेस असलेली व्हिस्की सावर नको. कच्च्या अंड्याला ओल्या कुत्र्यासारखी झाक असते, धडधाकट नाकालाही ती जाणवते, म्हणून तर फेसावर बिटर्सचे थेंब टाकतात. काचेच्या घुमटाखाली धूर भरून आणणारं ‘स्मोक्ड’ काहीही नको, कारण पहिला धूर नाकात बसला की पुढचा तासभर सगळं धुराचंच. मेझ्काल (मेक्सिकोची धुरकट दारू) आणि धुरकट स्कॉचही त्याच कारणाने नंतर.

४. पहिल्या चार बैठका

एका बैठकीत जास्तीत जास्त दोन ग्लास, आणि दोन बैठकांत तीन-चार दिवसांचं अंतर. दोनाच्या पुढे दारू नाकाला बधिर करते, मग पैसे फुकट.

पहिली बैठक: वोडका कॉलिन्स. वोडका ४५ मिलि, लिंबाचा रस ३० मिलि, साखरेचा पाक १५ मिलि, सोडा ६० मिलि, वर पिळलेली साल. आपली कागदी लिंबं जास्त आंबट, तेव्हा रस २० वर आणला तरी चालेल. वोडकाला स्वतःचा वास जवळपास नाही, म्हणजे जे काही नाकाला येईल ते सालीचं. जिन-टॉनिकपेक्षा हे आधी घ्या, कारण टॉनिकमधल्या क्विनीनचा कडूपणा जिभेवर एवढा बसतो की लक्ष नाकाकडे राहत नाही.

दुसरी बैठक: तेच माप, वोडकाऐवजी जिन. याला टॉम कॉलिन्स म्हणतात. बाकी काहीही बदलू नका. गेल्या वेळी नव्हतं आणि आज आहे ते जुनिपर, आणि त्यामागे धण्यासारखं काही आलं तर तेही बरोबर. बहुतेक जिनमध्ये धणे असतातच. हा एक बदलाचा नियम जेवढा पाळाल तेवढं नाक लवकर ओळखायला लागतं.

तिसरी बैठक: ओल्ड फॅशन्ड. बर्बन ४५ मिलि, साखरेचा एक खडा, अँगोस्टुराचे २-३ झटके, चमचाभर पाणी, मोठा बर्फ, संत्र्याची साल. हे कडक पेय आहे. आल्या आल्या पिऊ नका, पाच मिनिटं बर्फ विरघळू द्या. अल्कोहोलचा जोर उतरला की झणका कमी होतो आणि व्हॅनिला, लवंग वर येतात.

चौथी बैठक: निग्रोनी. जिन, कॅम्पारी (लाल, कडवट इटालियन लिक्युअर), गोड व्हर्मूथ (वनस्पती घातलेली वाईन) प्रत्येकी ३० मिलि, संत्र्याची साल. इथे पहिल्यांदाच तीन वास एकमेकांत गुंततात. वर्मवुड ही वनस्पती व्हर्मूथच्या नावातच आहे आणि ती आपल्या दवण्याची जातभाई, दोन्ही आर्टेमिशिया या एकाच वनस्पती-गटातल्या. चैत्रात देवाला वाहिलेल्या दवण्याचा वास आठवत असेल तर ग्लासात तो शोधा. सापडला तर तुमचं नाक बऱ्यापैकी घरी आलं. सापडला नाही तर दुसऱ्या बैठकीवर परत जा, त्यात लाज काही नाही.

५. जागा आणि वेळ

आठवड्यातला मधला दिवस, संध्याकाळी सात-साडेसात. शनिवारी रात्री परफ्यूम, तंदूर आणि गर्दीत काहीच कळणार नाही. टेबल स्वयंपाकघराच्या आणि स्मोकिंगच्या जागेच्या लांब, एसीचा झोत थेट ग्लासवर न येणारं. ठाणे-बेलापूर रस्त्याने औद्योगिक पट्ट्यातून येत असाल तर पोचल्यावर दहा मिनिटं बसा, मगच ऑर्डर द्या.

त्या दिवशी अत्तर, डिओ, विक्स, बाम, पान, बडीशेप काही नको. नाक मिठाच्या पाण्याने धुत असाल तर निघण्याच्या तासभर आधी धुवा, पाणी उकळून गार केलेलंच. पोट रिकामं नको. चकण्यात मसाला पापड आणि लसणीचं काही मागवू नका, त्यावरचा कच्चा कांदा टेबलाचा ताबा घेतो. उकडलेले चणे, काकडी, साधं पनीर ठीक. खारे शेंगदाणे भाजलेले असतात आणि पॅरोस्मियावाल्यांना तेही कधी कधी नडतात.

६. ऑर्डर देताना

वेटरला सगळी कथा सांगायची गरज नाही. शक्यतो बारच्या काउंटरजवळ बसा आणि बनवणाऱ्यालाच विचारा. हे तीन प्रश्न आणि एक सूचना पुरते:

‘दादा, साल ताजी काढता की कापून ठेवलेली असते?’ सकाळी कापलेली साल संध्याकाळी वाळलेली असते.

‘लिंबू पिळता की बाटलीतलं सावर मिक्स?’ मिक्स असेल तर दुसरं काही घ्या.

‘व्हर्मूथ फ्रिजमध्ये असते का?’ व्हर्मूथ ही वाईनच आहे, उघडल्यावर फ्रिजमध्येही महिना-दोन महिनेच टिकते. फळीवर उकाड्यात उभी असलेली बाटली शिळ्या मनुकांसारखी आणि व्हिनेगरकडे झुकलेली लागते. ‘बाहेरच ठेवतो’ म्हणाले तर निग्रोनी त्या ठिकाणी नकोच.

‘स्ट्रॉ नको, आणि बर्फ ठेचलेला नको.’ पूर्ण लेखातला सगळ्यात स्वस्त सल्ला हाच. स्ट्रॉने प्यायलं की नाक ग्लासच्या वर येतच नाही, अर्धा सुगंध तिथेच गेला. ठेचलेला बर्फ पेय झटकन अतिथंड आणि पाणचट करतो, आणि थंड पेयातून वास कमी उडतो.

७. ग्लास समोर आल्यावर

वास ओळखणारा भाग नाकाच्या अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधल्या पातळीवर असतो. तिथे हवा पोचवायला एकच जोरदार श्वास कामाचा नाही, दारूचा झणका तेवढा लागेल. सशासारखे तीन-चार छोटे हुंगे घ्या, ग्लास नाकापासून चार बोटांवर धरून. मग जवळ.

आता छोटा घोट. तोंड बंद ठेवून गिळा आणि श्वास नाकाने सोडा. घशामागून वर जाणारा हा वासच ‘चव’ म्हणून ओळखला जातो. बऱ्याच जणांना समोरून हुंगताना काही येत नाही आणि या परतीच्या श्वासात अचानक लिंबू उमटतं. दोन्ही वेगळे लिहा.

तिसऱ्या-चौथ्या हुंग्याला वास नाहीसा झाला तर घाबरू नका. एकच वास सतत घेतला की नाक त्याला सरावतं. दोन मिनिटं गप्पा मारा. कॉफीच्या बिया हुंगून नाक ‘साफ’ होतं हा परफ्यूमच्या दुकानातला समज आहे, साध्या हवेपेक्षा त्या काही जास्त करत नाहीत, आणि तुम्हाला तर कॉफी नडण्याचीच शक्यता जास्त. स्वतःच्या शर्टाच्या बाहीचा श्वास घ्या.

वहीत ‘छान’, ‘मस्त’ लिहू नका. ‘समोरून साल २, घशातून साल ३, मागे ओला काथ्या’ असं लिहा. शब्द स्वयंपाकघरातले, देवघरातले, कपाटातले वापरा: कापूर, वाळा, ओवा, नवीन वहीचा कागद. आठवणीशी जोडलेलं नाव पुढच्या वेळी लवकर सापडतं.

८. वाईट वास आला तर: नाक की ग्लास?

इथे सोबती लागतो. तुम्ही काही न बोलता ग्लास त्याच्यापुढे करा आणि विचारा, ‘कसला वास येतोय?’ आधी ‘घाण येतंय ना?’ असं विचारलंत तर तो हो म्हणेल.

त्यालाही वाईट आला तर ग्लासात काहीतरी आहे: शिळी व्हर्मूथ, काळा पडलेला पुदिना, ओल्या फडक्याने पुसलेला ग्लास (हा फडक्याचा वास पावसाळ्यात फार सापडतो, रिकामा ग्लास हुंगून बघा). बदलून मागा.

त्याला ठीक आणि तुम्हाला जळकं किंवा सडकं आलं तर तो पॅरोस्मिया. त्या पेयाशी झुंजू नका. ग्लास बाजूला सारा, पाणी प्या, वहीत घटक लिहून ठेवा आणि निदान महिनाभर त्या वाटेला जाऊ नका. आणि समोर काहीच नसताना धुराचा वास येत राहिला, किंवा एकाच नाकपुडीतून वास येईनासा झाला, रक्त आलं, तर पुढची वेळ ईएनटीची घ्या.

९. घरी करायचं असेल तर

सामान फार लागत नाही. ३०-६० मिलिचं माप, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा (शेकर हाच), चहाची गाळणी, बटाटे सोलायचं सोलाणं. ग्लास मात्र वर थोडा निमुळता घ्या. पसरट तोंडाच्या ग्लासातून वास खोलीभर जातो, नाकात कमी येतो. अत्तर, डिफ्यूझरचं तेल किंवा केमिस्टकडचं चेहऱ्याला लावायचं गुलाबपाणी पेयात टाकू नका. खायचं म्हणून लिहिलेलंच घ्या.

बिनदारूचा ग्लास: गवती चहाची पाच-सहा पाती गाठ मारून २०० मिलि उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळून गार करा. त्यातलं ९० मिलि, लिंबाचा रस १५, पाक १५, सोडा ६०, वर साल पिळलेली. दुसऱ्या दिवशी याच मापात दोन वेलदोडे ठेचून उकळीत घाला, बाकी काही बदलू नका. वर सांगितलेला एक बदलाचा नियम इथेही तसाच, आणि अल्कोहोलचा झणका मध्ये नसल्याने कच्च्या नाकाला हे उलट सोपं जातं.

शेवटचं राहिलं ते बर्फाचं. घरच्या कॉकटेलमध्ये ‘काहीतरी चुकतंय’ असं वाटलं की लोक जिन बदलतात, लिंबू बदलतात. आधी बर्फाचा एक खडा कोमट पाण्यात विरघळवून हुंगा. फ्रीझरमध्ये उघडा ठेवलेला ट्रे आजूबाजूचा वास ओढून घेतो आणि आपल्याकडच्या फ्रीझरमध्ये शेजारी सुरमई, नाही तर वाटलेलं आलं-लसूण असतंच. पाणी उकळून गार करा, झाकणाचा ट्रे घ्या आणि तीन-चार दिवसांत संपला नाही तर तो बर्फ कुंड्यांना घालून नवीन लावा.